तारेसोबत आलेली माणसं

फैजपूरहून यावलकडे जाणाऱ्या रस्त्याला, केळीच्या बागा सुरू होतात त्याच्या जरा अलीकडे, हितेंद्रचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे घर आणि रस्त्यापलीकडे एक जुना निंब. जळालेल्या मोटारी येतात, हितेंद्र त्यांच्यात नवी तांब्याची तार भरतो, वार्निश पाजतो आणि परत पाठवतो. कुणाच्या शेतातल्या डीपीचा फ्यूज गेला, कुठे तार तुटली, तरी लोक आधी त्यालाच गाठतात. सरकारी वायरमन यायचा तेव्हा येईल.

त्यामुळे त्या दुकानात एकच प्रश्न दिवसभर ऐकू यायचा. लाईट कव्हा येईन, भाऊ? केळीला पाणी द्यायचं असतं, पानं उन्हानं करपायला लागलेली असतात, माणसाचा जीव त्या एका प्रश्नात अडकलेला असतो. हितेंद्र बाहेर गेला की त्याची बायको दिपमाला काउंटरवर बसायची. तिचं उत्तर ठरलेलं होतं. "येईल संध्याकाळपर्यंत." तिला खरं काहीच माहीत नसायचं. पण एवढं ऐकलं की माणूस उठून जातो, हे मात्र पक्कं ठाऊक होतं.

वैशाखातल्या त्या दुपारीही ती तशीच बसली होती. वीज गेलेली. रस्त्यावर चिटपाखरू नाही. डांबर वितळून वास सुटला होता आणि वार्निशचा वास त्यात मिसळून डोकं जड झालं होतं. हितेंद्र कुणाच्या तरी विहिरीवर गेला होता. मुलगी मयुरी धुळ्याला नर्सिंग शिकायला, त्यामुळे घरात दुसरं कुणी नव्हतं. दिपमालाला डुलकी लागली असावी. डोळे उघडले तर काउंटरपलीकडे एक माणूस उभा.

तिशीतला, उंच, गोरा, दाढीवाला. अंगावर धुळीनं माखलेली शाल. एवढ्या उन्हात शाल. हिंगवाला असेल, असं तिला वाटलं. लहानपणी नरडाण्याला माहेरी असे हिंग विकणारे यायचे. पण याच्या हातात पिशवी नव्हती.

"हितेंद्र भाई घर पर हैं?" त्यानं अदबीनं विचारलं.

नाहीत, म्हणाली ती. पाणी दिलं. त्यानं पेला दोन्ही हातांनी घेतला, छातीशी धरला, प्यायला नाही. मग तारांकडे बघत हळूच विचारलं, "बत्ती कब आएगी, भाभी?"

दिपमालानं सवयीनं सांगून टाकलं, "आ जाएगी. शाम तक."

त्या माणसाचा चेहरा असा उजळला की तिला उगाच अपराध्यासारखं झालं. पेला काउंटरवर ठेवून तो रस्ता ओलांडून निंबाखाली गेला आणि बसला. पेला आत न्यायला तिनं उचलला आणि तिची बोटं आखडली. माठातलं पाणी ते. पण बर्फातून काढल्यासारखं गार झालं होतं.

रात्री जेवताना तिनं नवऱ्याला हे सांगितलं. हितेंद्रचा घास हातातच राहिला. कसा होता, विचारलं त्यानं. तिनं सांगितलं. तो ताटाकडे बघत म्हणाला, मला नाही माहीत असा कुणी. असेल कुणी गिऱ्हाईक.

दिपमालाच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा.

हितेंद्र काही वर्षं अफगाणिस्तानात होता. दुबईच्या एका ठेकेदारामार्फत गेला होता, परदेशी फौजेच्या एका छावणीवर इलेक्ट्रिशियन म्हणून. पैसा चांगला मिळाला, दुकान त्यातूनच उभं राहिलं. फौज निघाली तेव्हा तोही परतला. तिथलं तो कधी काही बोलला नाही. डोंगर होते, थंडी होती, जेवण बरं होतं, एवढंच. एक चमत्कारिक सवय तेवढी घेऊन आला: मेन स्विच तो स्वतः कधी बंद करायचा नाही. चालू करायचा, पण बंद करायची वेळ आली की म्हणायचा, दिपा, हात ओले आहेत माझे, जरा तू कर. हात कोरडे असले तरी म्हणायचा. इतकी वर्षं तिनं ते हसण्यावारी नेलं होतं. आता हसू येईना. तिकडे याचं दुसरं बिऱ्हाड तर नव्हतं? कुणाचा भाऊ, कुणाचा बाप हिशेब मागायला तर आला नाही?

दुसऱ्या दिवशी निंबाखाली दोघे होते. त्यानंतर पाच-सहा. मग बायका दिसू लागल्या, डोक्यापासून पायापर्यंत पांघरलेल्या. कुणी बोलत नव्हतं, कुणी काही खात नव्हतं. सगळे तारांकडे बघत बसलेले. दुपार उतरली की नाहीसे व्हायचे. जाताना मात्र कुणी दिसायचं नाही.

आपल्याला उन्हाचा त्रास होतोय की काय, असं दिपमालाला वाटत असतानाच शेजारची सुगंधाबाई आली. पदरानं वारा घेत म्हणाली, "काय वं दिपा, तुमच्याकडे मजूर आनले का केळी कापाले? लई मानसं बसेल हायेत निंबाखाली. मी त्याइले ताक नेऊन दिलं, तं कोनी हात नाही लावला." मग जरा थांबून, आवाज खाली आणून म्हणाली, "अन् त्या झाडाखाली गारवा काहून इतका? मह्या अंगावर काटाच आला."

म्हणजे सुगंधाबाईला दिसत होते. दुकानात येणाऱ्यांनाही दिसत होते. सातपुड्यातले पावरा आदिवासी मजूर असतील म्हणून ते सोडून देत. दिसत नव्हते ते एकट्या हितेंद्रला. भर दुपारी तो मोटरसायकलवरून आला, गाडी सावलीला लावायची म्हणून सरळ निंबाखाली नेली आणि त्या घोळक्याच्या मधोमध उभी केली. माणसं सरकून बसली. एक म्हातारा तर त्याच्याकडे मान वर करून बघत होता, अगदी हातभर अंतरावरून. हितेंद्रनं गळ्यातल्या रुमालानं घाम पुसला, शीळ घातली आणि दुकानात आला.

दिपमाला त्याच्या तोंडाकडे बघत होती. माणूस इतकं छान सोंग वठवू शकतो का? की याला खरंच दिसत नाही? दोन्हींपैकी काय जास्त भयंकर, हे तिला कळेना.

शेवटी तिनंच धीर केला. हितेंद्र सावद्याला गेलेला बघून ती रस्ता ओलांडून गेली. सावलीत पाय ठेवला आणि थंडी हाडात शिरली. डिझेलचा वास होता, आणि आणखी एक, ओल्या लोकरीचा. तो पहिला माणूस उठून उभा राहिला. नाव समद, म्हणाला. छावणीवर दुभाष्या होता. हिंदी सिनेमे बघून हिंदी शिकलेला, म्हणून हितेंद्र भाईशी दोस्ती.

त्यानं जे सांगितलं ते अगदी शांतपणे सांगितलं, जणू शेजारच्या गावची गोष्ट. त्यांच्या खोऱ्यात ओढ्यावर गावकऱ्यांनी बसवलेली एक पाणचक्की होती. तिच्यावर छोटा डायनॅमो. फार नाही, घरटी एक दिवा जळायचा, पण जळायचा. मग फौज आली. अफसर चांगला होता, चहा प्यायचा सगळ्यांसोबत. तुम्हाला आम्ही नवा देश करून देतो, म्हणाला. शाळा बांधली, कचेरी बांधली, तिच्यावर झेंडा लावला, दवाखाना बांधला. शाळेला मास्तर मिळाला नाही, कचेरीत बसायला राजधानीतून कुणी आलं नाही. पण दवाखाना चालला. छावणीच्या जनरेटरवरून सगळ्या गावाला वीज दिली, फुकट. मग चक्की कशाला हवी? ओढ्याजवळची जागा फौजेला हवीच होती. चक्की उतरवली. उतरवायला हितेंद्र भाईच होते. लोखंड चांगलं आहे, म्हणाले.

फाटकावरच्या बुरुजाला एक मोठा दिवा होता. अफसर सांगायचा, तो दिवा जळतोय तोवर समजा आम्ही आहोत. फौज जाणार, अशी कुजबूज सुरू झाली तेव्हा समदनं हितेंद्रला विचारलं होतं. हितेंद्र भाई म्हणाले, मी असेपर्यंत बत्ती जाणार नाही.

"फिर एक शाम..." समद म्हणाला. "पहले बाजार में अंधेरा हुआ. फिर स्कूल में. फिर दवाखाने में. ऊपर हेलिकॉप्टर की आवाज़ थी, भाभी, इसलिए माँओं की आवाज़ नहीं सुनाई दी."

दवाखान्यात काचेची एक पेटी होती, वेळेआधी जन्मलेल्या मुलांसाठी. त्या दिवशी सकाळीच एक मूल तिच्यात ठेवलं होतं. समदनं मागे बसलेल्या एका बाईकडे बोट केलं. तिच्या मांडीवर कापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं. दिपमालानं आजवर ते गाठोडं समजलं होतं.

मग बुरुजावरचा दिवाही गेला, समद म्हणाला, आणि सकाळपर्यंत गावात कुणी जिवंत उरलं नाही. कसंबसं विचारलं तिनं, तुम्ही इथपर्यंत आलात कसे?

समदनं वर बघितलं. निंबावरून गेलेल्या तारांवर बोट फिरवत नेलं, सातपुड्याच्या दिशेनं.

"तार के साथ-साथ," तो म्हणाला. "आपने कहा था ना, शाम तक आ जाएगी? मैंने सबको बता दिया."

त्या रात्री तिनं हितेंद्रला समोर बसवलं आणि समदचं सगळं सांगितलं. एरवी ती त्याच्याशी फैजपूरच्या बोलीत बोलायची. त्या रात्री शपथ घालताना माहेरची अहिराणी तोंडात आली. "मन्ही आन शे तुमले. खरं सांगा. दिवे कोनी बंद करात?"

हितेंद्र उठून दाराला कडी लावून आला. मग म्हणाला, समद म्हणून एक होता खरा. पण मी शेवटच्या दिवशी नव्हतोच तिथे. आठवडाभर आधीच मला काबूलला पाठवलं. छावणीवर आम्ही तिघं इलेक्ट्रिशियन होतो, बाकीच्या दोघांपैकी कुणी केलं असेल. आणि केलं असलं तरी हुकूम होता. गरीब माणूस हुकमाला काय करणार? मुलाचं वगैरे मला काही माहीत नाही.

तो हे सगळं भिंतीकडे बघत बोलला. दिपमालानं विश्वास ठेवायचा प्रयत्न केला. समदचं तरी खरं कशावरून मानायचं? मेलेला माणूस खोटं बोलत नाही, असं कुणी सांगितलंय? ती अंथरुणावर पडून दोघांनाही तोलत राहिली. एकीकडे वीस-बावीस वर्षं संसार केलेला नवरा, दुसरीकडे पाणी न पिणारा एक परका. पारडं काही केल्या स्थिर होईना.

निंबाखालची गर्दी वाढत होती. आता त्यांची नजर तारांवरून उतरून दुकानाच्या दारावर आली होती. तिनं वचन दिलं होतं. घरी पाठवायला म्हणून सहज तोंडातून गेलेलं, पण वचनच. ती माणसं ते धरून बसली होती. येणारी गिऱ्हाइकं हळूहळू कमी झाली. सुगंधाबाईनं आपली शेळी निंबाखाली बांधणं बंद केलं. आणि त्या बाईनं एकदा, दिपमाला जवळून जाताना, मांडीवरचं मूल नुसतं उचलून तिच्या हाताला लावलं. बाहेर ऊन आग ओकत होतं आणि ते मूल... दगडासारखं गार होतं.

दिपमालानं मग कुणाला विचारलं नाही. कोंबडीच्या पिल्लांना ऊब द्यायला लावतात तसला जुना पिवळा बल्ब दुकानात होता. इन्व्हर्टरवरून वायर ओढली, रस्त्यावरून पलीकडे नेली आणि निंबाच्या खालच्या फांदीला होल्डर बांधला. हितेंद्र दारातून बघत होता. झाडाला दिवा कशाला, म्हणाला. उगाच बॅटरी बसेल. पण पुढे येऊन तिचा हात धरला नाही. तिनं बटण दाबलं.

भर दुपारच्या उन्हात त्या बल्बचा उजेड तो काय दिसणार. पण निंबाखालची सगळी माणसं एकदम उभी राहिली. आवाज नाही, काही नाही. फक्त उभी राहिली. त्या बाईनं मूल दोन्ही हातांवर घेऊन बल्बखाली धरलं. किती वेळ धरलं कोण जाणे. दिपमालाच्या कानात नुसतं घूं... होत होतं. आणि मग त्या कापडातून, मांजराच्या पिल्लासारखा, एक बारीक रडण्याचा आवाज आला.

दुकानात काहीतरी पडल्याचा आवाज झाला. हितेंद्रच्या हातातली मोटार खाली पडली होती. त्याला अजूनही कुणी दिसत नव्हतं; तो रिकाम्या निंबाकडे बघत होता, पण कान टवकारलेले होते आणि चेहरा पांढराफटक.

"डावीकडची नळी..." तो पुटपुटला. "डावीकडची नळी निघते त्याची. दाबून धरा कुणीतरी... पेटीचं झाकण उघडू नका, मी बघतो, मी आत्ता..."

आणि तो खाली बसला, दोन्ही हात डोक्यावर घेऊन.

आठवडाभर आधी निघून गेलेल्या माणसाला त्या दिवशी सकाळी जन्मलेल्या मुलाची नळी कशी ठाऊक, हे दिपमालानं विचारलं नाही. तिला जे तोलायचं होतं ते तोलून झालं होतं. तिनं त्याला पाणी दिलं, मोटार उचलून ठेवली आणि स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ नुसती उभी राहिली. राग होता. पण घर सोडून जावं तर बल्बकडे कोण बघणार, हा विचार त्या रागाच्याही आधी मनात आला, आणि त्याची तिला फार भीती वाटली.

कारण तेव्हापासून तो बल्ब विझू देता येईना. वीज गेली की इन्व्हर्टर, इन्व्हर्टर बसला की हितेंद्रनं आणलेला छोटा जनरेटर. तो स्वतः होऊन आणला त्यानं, एक शब्द न बोलता. रात्री उठून डिझेल बघायचा. मयुरीला भेटायला धुळ्याला जायचं तर दोघांपैकी एकानंच जायचं. दिपमालाच्या भावाच्या मुलाचं लग्न झालं, ती गेली, तो राहिला. लोक विचारायचे, झाडाला दिवा कसला? नवस आहे, असं ती सांगायची. लोकांना पटायचं.

पावसाळा गेला, दिवाळी झाली. निंबाखालची माणसं होती तशीच होती, ना दाढी वाढली ना शाल मळली. फक्त ते मूल वाढत होतं. आधी मान धरायला लागलं. मग पालथं पडायला लागलं. एक दिवस बल्बच्या उजेडात हसलं तेव्हा खाली दोन दात दिसले. दिपमालाला ते आवडत होतं की नाही, हे ती स्वतःलाही विचारत नव्हती. हितेंद्रला रडणं ऐकू यायचं, हसणं ऐकू यायचं, बाकी काही नाही. काम करता करता तो थांबायचा, ऐकायचा, आणि पुन्हा तार भरायला लागायचा. समद आता काही मागत नव्हता. दिपमाला जवळ गेली की उठून उभा राहायचा, छातीवर हात ठेवायचा, बसायचा. पण हल्ली त्यांच्यात आपसात काहीतरी कुजबूज चालायची आणि ती जवळ आली की थांबायची. तिनं ते पाहिलं होतं. संशय आला होता. कसला, ते सांगता आलं नसतं.

पौषातल्या एका सकाळी धुकं उतरलं होतं. दिपमालानं दुकानाचं शटर वर केलं आणि तिला काहीतरी चुकल्यासारखं झालं. डिझेलचा वास नव्हता. निंबाखाली कुणी नव्हतं. समद नाही, म्हातारा नाही, ती बाई नाही. एक शब्द न सांगता, निरोप न घेता सगळेच्या सगळे गेले होते.

बल्ब जळत होता. त्याच्या खाली, जमिनीवर, ते मूल एकटं बसलं होतं.

मागून हितेंद्र चहाचा कप घेऊन आला. तो दारात थबकला. कप हळूच काउंटरवर ठेवला.

"दिपा..." तो म्हणाला. "हे कोणाचं लेकरू?"

पहिल्यांदाच दिसत होतं त्याला. दोघं रस्त्याच्या अलीकडे तशीच उभी राहिली. मूल रडत नव्हतं. त्यानं मान वर केली आणि त्यांच्याकडे पाहिलं, असं आधी वाटलं. मग लक्षात आलं की त्याची नजर त्या दोघांच्या मधून पलीकडे गेली आहे, दुकानाच्याही मागे, आतल्या घरात. त्याचा चेहरा ओळखीनं फुलला. कडेवर घ्या म्हणून मुलं करतात तसे दोन्ही हात त्यानं वर केले.

घरात त्या वेळी कुणीच नव्हतं, फक्त आतून ओल्या लोकरीचा गार वास येत होता. दोघांपैकी कुणीही मागे वळून पाहिलं नाही.